ट्रेड-वृक्षाची नोंद: एडमनला मध्ये उभे केले आणि कोपेकचा हिशेब जुळला

मागील नोंदीत मी लिहिले होते की शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या पुनर्बांधणीचा ट्रेड-वृक्ष, म्हणजे कोणाच्या बदल्यात कोण आले आणि त्यांच्या बदल्यात पुढे कोण आले याचा तक्ता, पूर्ण झाला आहे आणि आता केवळ खेळाडूंच्या वॉरची (खेळाडूमुळे संघाला मिळालेल्या जादा विजयांच्या अंदाजाची) बेरीज पडताळायची राहिली आहे. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे. पडताळणीसाठी मी बेरीज दोन्ही बाजूंनी केली, एकदा मुळाकडून फांद्यांकडे आणि एकदा फांद्यांकडून मुळाकडे, आणि दोन्ही वेळा वेगळी उत्तरे आली. तीन आठवडे एकेक ओळ तपासूनही फरकाचे कारण सापडत नव्हते. गेल्या रविवारी ते सापडले आणि त्याच्या पाठोपाठ उपायही सुचला, म्हणून ही नोंद ठरल्यापेक्षा आधी लिहीत आहे.

वृक्षाची तीन मुळे आपल्या परिचयाची आहेत. ६ डिसेंबर २०१६ रोजी क्रिस सेल बॉस्टनला गेला आणि योआन मोन्काडा, मायकल कोपेक, लुईस अलेक्झांडर बसाबे व व्हिक्टर डियाझ आले. दुसऱ्याच दिवशी ॲडम ईटन वॉशिंग्टनला गेला आणि लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ व डेन डनिंग आले. १३ जुलै २०१७ रोजी होसे किंताना शहराच्या दुसऱ्या टोकाला, कब्ज संघाकडे गेला आणि एलॉय हिमेनेझ, डिलन सीस, मॅट रोझ व ब्रायंट फ्लेटे आले. दिलेल्या सेल, ईटन आणि किंताना या तिघांना ‘ज्येष्ठ’ म्हणावे का, हा प्रश्न पूर्वी आला होता. सेल तेव्हा अवघा २७ वर्षांचा होता, हे खरे आहे. परंतु माझ्या वहीत ज्येष्ठत्व वयावर ठरत नाही. संघ पुन्हा जिंकण्याच्या स्थितीत येईपर्यंत ज्याचा करार संपून जाणार, तो त्या संघापुरता ज्येष्ठ, ही व्याख्या मी कायम ठेवली आहे. सेलचे तीन हंगाम, ईटनचे पाच आणि किंतानाचे साडेतीन असे साडेअकरा हंगामांचे स्वस्त कंट्रोल (खेळाडूवरचा संघाचा हक्क) संघाने विकले होते, आणि म्हणूनच एवढी मोठी किंमत मिळाली.

आता मूळ अडचण. आपण याला वृक्ष म्हणतो, पण वृक्षाच्या फांद्या फुटतात, त्या एकमेकींना येऊन मिळत नाहीत. ट्रेडमध्ये मात्र बाहेरून आलेला खेळाडू आपल्या फांदीला मिळतो आणि दोघे मिळून पुढचे खेळाडू आणतात. अशा जागांना मी ‘संगम’ असे नाव दिले आहे आणि तक्त्यात त्यांचा वेगळा स्तंभ केला आहे. ईटनच्या फांदीवर पहिला संगम डिसेंबर २०२० मध्ये येतो. लान्स लिनसाठी डनिंगबरोबर एव्हरी वीम्स हा ड्राफ्टमधून (नवोदितांच्या वार्षिक निवडीतून) घेतलेला पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) टेक्सासला गेला. दुसरा जुलै २०२३ मध्ये येतो. तोच लिन, फ्री एजंट (करारमुक्त खेळाडू) म्हणून आलेल्या जो केलीसह डॉजर्सकडे गेला आणि निक नास्ट्रिनी, जॉर्डन लेझर व ट्रेस थॉम्पसन आले. त्याच आठवड्यात जिओलिटो आणि लोपेझ एंजल्सकडे गेले आणि एडगर केरो व काय बुश आले. तेथे प्रश्न नव्हता, कारण दोघेही ईटनच्याच फांदीचे होते.

खरा तिढा तिसऱ्या संगमात होता. २९ जुलै २०२४ च्या त्रिपक्षीय ट्रेडमध्ये कोपेक डॉजर्सकडे गेला, एरिक फेडी आणि टॉमी फॅम सेंट लुईसला गेले, सेंट लुईसचा टॉमी एडमन डॉजर्सकडे गेला आणि शिकागोला डॉजर्सकडून मिगेल व्हार्गस, हेराल पेरेझ व अलेक्झांडर अल्बर्टस मिळाले. कोपेक सेलच्या फांदीवरचा होता. फेडी मात्र २०२३ मध्ये कोरियातील लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यानंतर दोन वर्षांच्या, दीड कोटी डॉलरच्या करारावर फ्री एजंट म्हणून आला होता, आणि फॅमही फ्री एजंटच होता. माझ्या फायलीत फ्री एजंटांचे पान वेगळे आहे. तेथे फेडीच्या नावापुढे मी व्हार्गस पूर्ण लिहिला होता आणि सेलच्या वृक्षात कोपेकखालीही व्हार्गस पूर्णच लिहिलेला होता. लेझरच्या बाबतीतही केली आणि लिन यांच्याखाली तेच घडले होते. दोन्ही बेरजांमधला फरक नेमका व्हार्गस आणि लेझर यांच्या वॉरएवढा आहे, हे दिसल्यावर शोध संपला.

चूक सापडली तरी व्हार्गसचा किती वाटा कोपेकचा, हा प्रश्न उभाच राहिला. प्रथम मी डोकी मोजून समान वाटप केले. त्यात फॅमलाही एक तृतीयांश श्रेय मिळत होते, आणि हंगामाचे दोन महिने उरलेल्या आउटफिल्डरला एवढे श्रेय देणे कोणालाही पटणार नाही. मग पगाराच्या प्रमाणात वाटून पाहिले. ही पद्धत तर मुळातच उलटी आहे, कारण अशा ट्रेडमध्ये पगार जितका कमी तितका खेळाडू अधिक मोलाचा असतो. त्यानंतर कंट्रोलचे उरलेले महिने मोजले. हंगाम सहा महिन्यांचा धरला तर कोपेकचे आठ, फेडीचे आठ आणि फॅमचे दोन, म्हणजे कोपेकचा वाटा अठरापैकी आठ. हा आकडा पहिल्या दोन पद्धतींपेक्षा बरा होता, तरी मन मानत नव्हते. फेडीचा ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरने दिलेल्या धावा, कमी तितका चांगला) तेव्हा ३.११ होता आणि कोपेकचा ४.७४. महिने सारखे असले तरी माल सारखा नव्हता, आणि त्यातही एक स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) व एक रिलीव्हर (नंतर उतरणारा), त्यामुळे ईआरएची सरळ तुलना करून गुणोत्तर काढणेही योग्य झाले नसते.

उत्तर मिळाले ते बाणांची आकृती नव्याने काढताना. फेडी आणि फॅम डॉजर्सकडे गेलेच नाहीत. डॉजर्सनी जे तीन खेळाडू दिले, ते एडमन आणि कोपेक मिळाले म्हणून दिले. सेंट लुईसने एडमन दिला, तो फेडी आणि फॅम मिळाले म्हणून. तेव्हा हा व्यवहार दोन द्विपक्षीय ट्रेडमध्ये उलगडता येतो. आधी शिकागोने फेडी व फॅम देऊन एडमन घेतला असे समजायचे, आणि मग एडमन व कोपेक देऊन डॉजर्सचे तीन खेळाडू घेतले असे मांडायचे. एडमन शिकागोचा गणवेश न घालताही हिशेबात क्षणभर शिकागोचा होतो. त्याला मध्ये उभे केल्याबरोबर फेडीची कोपेकशी तुलना करण्याची गरजच उरत नाही. तुलना फक्त कोपेक आणि एडमन यांच्यात राहते, आणि दोघांचेही कंट्रोल २०२५ च्या अखेरीपर्यंत होते, म्हणजे आठ महिने आणि आठ महिने. कोपेकचा वाटा निम्मा.

अठरापैकी आठ आणि निम्मा यांत अंतर फार नाही, हे मान्य आहे. पण पहिला आकडा मी केवळ दुसरे काही सुचत नसल्यामुळे स्वीकारला होता, आणि दुसऱ्यामागे देवाणघेवाणीचा खरा प्रवाह आहे. एडमन त्या हंगामात मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे तोपर्यंत एकही मेजर लीग सामना खेळला नव्हता आणि पुढे त्याच ऑक्टोबरमध्ये तो नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही पुढची कामगिरी मी वाटपात धरलेली नाही. ट्रेडच्या दिवशी जे माहीत होते तेवढ्यावरच वाटा ठरवायचा, हा नियम मी मोडणार नाही. नव्या वाटपाने दोन्ही बाजूंच्या बेरजा शेवटच्या दशांशापर्यंत जुळल्या. तो तक्ता मी सबंध संध्याकाळ मिटला नाही.

याच उत्साहात मी पद्धत कब्जच्या पुनर्बांधणीवर चालवून पाहिली. २०१२ मध्ये १०१ सामने हरलेल्या त्या संघाने ३१ जुलैला रायन डेम्प्स्टर टेक्सासला देऊन काइल हेंड्रिक्स आणि ख्रिश्चन व्हिल्यान्वेव्हा घेतले, आणि हेंड्रिक्सने २०१६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याची सुरुवात केली. ही फांदी सरळ रेषेसारखी आहे. तिच्यावर एकही संगम नाही. पण २०१४ चे सामार्जा-हॅमल प्रकरण (कब्जने हे दोघे दिले तो ट्रेड) घेतल्याबरोबर पद्धत कोलमडली. त्यात ॲडिसन रसेलबरोबर आलेला बिली मॅकिनी २०१६ मध्ये ग्लेबर टोरेस, ॲडम वॉरन आणि रशाद क्रॉफर्ड यांच्यासह आरोल्डिस चॅपमनसाठी यांकीजकडे गेला. मॅकिनी आणि टोरेस दोघेही तेव्हा मायनर (दुय्यम) लीगमध्ये होते, म्हणजे दोघांचेही संपूर्ण कंट्रोल शिल्लक होते. महिन्यांच्या हिशेबाने दोघांना समान वाटा मिळतो, आणि टोरेस तेव्हा कब्जचा अव्वल प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू) होता हे माहीत असलेल्या माणसाला तो आकडा पाहवत नाही. तीच चूक डनिंग आणि वीम्स यांच्याही ओळीत दडलेली आहे.

हा परिच्छेद लिहितानाच एक मार्ग सुचला आणि तो मी लगेच करून पाहणार आहे. मेजर लीगमधल्या खेळाडूंसाठी महिने, आणि प्रॉस्पेक्टसाठी महिने गुणिले दर्जा. दर्जासाठी फॅनग्राफ्स या संकेतस्थळाचे २० ते ८० या मापावरचे ‘फ्युचर व्हॅल्यू’ वापरता येईल, मात्र ते सरळ गुणून चालणार नाही. ५५ आणि ४० यांमधले अंतर आकड्यांत पंधरा दिसते, पण व्यवहारात एक नियमित खेळाडू आणि एक राखीव खेळाडू एवढे मोठे असते. तेव्हा प्रत्येक पायरीला वेगळे वजन द्यावे लागेल, आणि ती वजने जुन्या ट्रेडवरून काढावी लागतील.

दुसरा बदल हंगामांच्या वजनाविषयी आहे. मागे मी ठामपणे लिहिले होते की वॉर कोणत्याही वर्षीचे असो, सारखेच मोजावे. आता माझे मत बदलले आहे. लिनने २०२१ मध्ये ११-६ आणि २.६९ ईआरए अशी कामगिरी केली, ती ९३ सामने जिंकून विभाग जिंकणाऱ्या संघासाठी. लेझर आणि नास्ट्रिनी यांची २०२४ मधली कामगिरी झाली ती १२१ पराभव पत्करणाऱ्या संघात. जिओलिटोचा २०१८ मधला ६.१३ ईआरए शंभर सामने हरलेल्या वर्षी आला, आणि त्या वर्षी त्याला शिकण्यासाठी मैदानावर ठेवणे हाच तर पुनर्बांधणीचा उद्देश होता. पुढच्याच वर्षी तो ३.४१ पर्यंत खाली आला आणि २०२० मध्ये त्याने पायरेट्सविरुद्ध नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देणारा सामना) टाकला. २०१८ ची वजाबाकी पूर्ण धरली तर त्या संयमालाच दंड केल्यासारखे होते. मी प्रथम ८१ विजयांची रेघ आखली, वर पूर्ण वजन आणि खाली अर्धे. परंतु २०२२ चा हंगाम नेमका ८१-८१ असा त्या रेघेवरच येऊन बसतो. सीसचा २.२० ईआरए आणि सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानातला दुसरा क्रमांक त्याच वर्षाचा आहे, म्हणजे ती रेघ एका सामन्याने हलली तरी किंतानाच्या फांदीचा निकाल बदलतो. रेघेऐवजी उताराचे सूत्र लागेल. तोपर्यंत वजन दिलेला आणि न दिलेला असे दोन्ही स्तंभ शेजारी ठेवतो.

साधनांबद्दल थोडे. व्यवहारांच्या तारखांसाठी बेसबॉल-रेफरन्सची खेळाडूनिहाय पाने आणि रेट्रोशीटची व्यवहारांची फाइल पडताळून घेणे मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. पिचरांच्या बाबतीत मी बेसबॉल-रेफरन्सचेच वॉर घेतो, कारण ते प्रत्यक्ष दिलेल्या धावांवर आधारलेले आहे. फॅनग्राफ्सचे वॉर एफआयपीवर (क्षेत्ररक्षणाचा भाग वगळून केलेल्या पिचरच्या मोजमापावर) चालते आणि पुढचा अंदाज बांधण्यास ते अधिक चांगले आहे, पण मी अंदाज बांधत नसून झालेल्या गोष्टींचा जमाखर्च मांडत आहे. आकृतीसाठी ग्राफविझ हे सॉफ्टवेअरच वापरतो. त्याच्या पीडीएफमध्ये माझी जोडाक्षरे तुटत होती आणि ‘जिओलिटो’ नीट उमटत असताना ‘नास्ट्रिनी’चे तुकडे होत होते. एसव्हीजी काढून ती ब्राउझरमधून छापल्यावर सर्व अक्षरे सांधली गेली. हाताने लिहिल्यासारखी स्वच्छ देवनागरी नावे त्या बाणांवर पाहून फार समाधान वाटले.

दोन नोंदी ज्यांनी विचारल्या होत्या त्यांच्यासाठी. ईटन डिसेंबर २०२० मध्ये फ्री एजंट म्हणून शिकागोला परत आला, परंतु ते पुनरागमन या वृक्षात येत नाही. मुळाकडे आलेली ती वाट ट्रेडची नाही. आणि वृक्षाची सुरुवात डिसेंबर २०१६ पासूनच का, तर पुनर्बांधणी तेव्हा सुरू झाली म्हणून. त्याच्या सहाच महिने आधी, ४ जून २०१६ रोजी, याच संघाने जेम्स शील्ड्ससाठी १७ वर्षांचा फर्नांडो टाटिस ज्युनियर पॅड्रेसला दिला होता. तो व्यवहार खर्चाच्या बाजूला न दाखवता केवळ जमेची पाने मांडणे मला योग्य वाटत नाही, म्हणून पहिल्या पानावर तो स्वतंत्र चौकटीत येईल.

पुढचे काम सीसच्या फांदीचे आहे. मार्च २०२४ मध्ये तो एकटाच पॅड्रेसकडे गेला आणि ड्रू थॉर्प, हायरो इरियार्टे, सॅम्युएल झवाला व स्टीव्हन विल्सन आले, त्यामुळे तेथे संगम नाही. केरो आणि व्हार्गस २०२५ मध्ये मुख्य संघात नियमित खेळले, म्हणजे ईटन आणि सेल यांच्या फांद्या अजून हिरव्या आहेत. गॅरेट क्रोशे बॉस्टनला गेल्यावर आलेले काइल टील, ब्रेडन मॉन्टगोमेरी, चेस मेड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेझ यांना मात्र मी या तक्त्यात घेणार नाही. क्रोशे २०२० च्या ड्राफ्टमधून आला होता, त्यामुळे त्याच्यासाठी नवे पान उघडले आहे. आधी फ्युचर व्हॅल्यूची वजने ठरवून डनिंग-वीम्सची ओळ दुरुस्त करतो आणि मग त्या पानाला हात लावतो.