विममधले रंग अचानक का जातात?

आज नव्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर विम हा टेक्स्ट एडिटर लावला. नवशिक्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट इथे लिहितो.

होम फोल्डरमध्ये ‘डॉट विमआरसी’ ही आपल्या विम-सेटिंग्जची फाइल नसेल, तर विम ८ पासून पुढे तो स्वतःची ‘डिफॉल्ट्स डॉट विम’ ही तयार सेटिंग्जची फाइल वाचतो. कोडला रंग येतात, फाइलचा प्रकार ओळखला जातो. तुम्ही ‘सेट नंबर’ एवढी एकच ओळ लिहून स्वतःची फाइल बनवलीत, की ते वाचणं बंद! ओळींचे आकडे दिसतात, रंग जातात. म्हणून पहिल्याच ओळीत ‘सोर्स’ (दुसरी फाइल वाचायची आज्ञा) लिहून त्या डिफॉल्ट्स फाइलचा पूर्ण पत्ता द्या. आपल्या सेटिंग्ज त्याखाली.

रंगांवाचून चालेलही, पण मेकफाइलमध्ये काम अडतं. ही प्रोग्रॅम बांधणाऱ्या ‘मेक’साठी आज्ञा लिहायची फाइल; तिथे आज्ञेची ओळ खऱ्या टॅबनेच सुरू व्हावी लागते. ‘एक्स्पांडटॅब’ (टॅबऐवजी स्पेस टाकणारी सेटिंग) चालू आणि प्रकार ओळखणं बंद, म्हणजे टॅब दाबला तरी स्पेस पडणार, आणि मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणत थांबणार. नुसत्या डोळ्यांना फरक कळतच नाही. ‘सेट लिस्ट’ द्या: खऱ्या टॅबच्या जागी टोपीचं चिन्ह आणि कॅपिटल आय दिसेल. दिसलं नाही तर त्या स्पेस खोडा, इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टाइप करायच्या अवस्थेत) कंट्रोल-व्ही दाबून मग टॅब दाबा. ‘एक्स्पांडटॅब’ चालू असला तरी खरा टॅबच पडतो.