तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं दुखतं, तर गोळी सोडत का नाही?

नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी फिरताना भेटणाऱ्या बायका विचारतात, ओपीडीत शेजारी बसलेल्या विचारतात, कधी त्यांच्या सुना फोन करून विचारतात. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचा शेक देऊन झाला, रिपोर्टही चांगला आला. मग सांधे धरणारी ही रोजची गोळी पाच वर्षं कशासाठी? सोडली तर काय बिघडेल?

मी लेट्रोझोल घेते. पाळी गेल्यावरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, तयार होत राहतं, ते ही गोळी जवळजवळ बंद करते. ज्यांचा रिपोर्ट ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह असतो त्यांच्या कॅन्सरच्या पेशी या इस्ट्रोजेनवर वाढतात. पाळी चालू असलेल्यांना बहुतेक वेळा टॅमॉक्सिफेन देतात. ते इस्ट्रोजेन बंद करत नाही, पेशीला चिकटू देत नाही. आणि हा ईआर पॉझिटिव्ह आजार चिवट असतो, दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो. टॅमॉक्सिफेनच्या अनेक चाचण्या एकत्र करून 2011 साली जो हिशोब मांडला गेला, त्यात पाच वर्षं गोळी घेणाऱ्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू पंधरा वर्षांत सुमारे एक-तृतीयांशाने कमी झालेले दिसले. म्हणजे गोळी थांबल्यावरही फायदा उरतो.

पण एक-तृतीयांश कशाचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिशोब सोपा व्हावा म्हणून समजा, गोळीने धोका निम्मा होतो. जिचा धोका शंभरात तीस आहे तिचे पंधरा वाचले, जिचा शंभरात चार आहे तिचे दोन. सांधे मात्र दोघींचे सारखेच दुखतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्या वयात, माझ्या गाठीच्या आकारात, माझ्या काखेच्या रिपोर्टात ही गोळी शंभरातल्या किती जणींना वाचवते? माझ्या काखेतल्या गाठींत आजार पोचला होता. माझा आकडा मोठा होता, म्हणून मी गोळी सोडली नाही. पंचवटीतल्या माझ्या ओळखीच्या एक आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. गाठ लहान, काख स्वच्छ, हाडं आधीच ठिसूळ, आणि लेट्रोझोलसारखी गोळी ती आणखी ठिसूळ करते. डॉक्टरांशी बोलून त्यांनी गोळी थांबवली, आणि मला तो निर्णय अगदी योग्य वाटतो.

माझी गोळी चालू आहे म्हणजे मी सगळं मुकाट्याने सोसते आहे, असं मात्र नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी पडली की सकाळी माझी मूठ वळत नाही, पोळपाट-लाटणं घ्यायचं तर आधी कोमट पाण्यात हात बुडवावे लागतात. हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी काही आठवडे गोळी थांबवून पाहिली, मग तिच्याच जातीची दुसरी गोळी, ॲनास्ट्रोझोल, देऊन पाहिली, आणि शेवटी मी लेट्रोझोलवरच परत आले. बऱ्याच जणींना गोळी बदलून फरक पडतो, मला फार पडला नाही. मला व्यायामाने फरक पडला. अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशाच गोळ्या घेणाऱ्या बायकांनी वर्षभर आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम केला, तर त्यांचं सांधेदुखीचं प्रमाण स्पष्ट कमी झालं. दुखत असताना चालायचं, हे सुरुवातीला पटत नाही. पटवून घ्या. डेक्सा स्कॅन करून हाडांची घनता बघा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारा. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी पोटरीला सूज, अचानक धाप किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, यांतलं काहीही झालं तर वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. आणि नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन चालू असेल तर तेही सांगावं. या गोळ्या टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणतात, त्यांच्याऐवजी दुसऱ्या मिळतात.

एक त्रास कुणीच बोलत नाही. योनीचा कोरडेपणा, जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं. केबिनमध्ये मुलगा नाहीतर दीर बरोबर असतो, मग बाई सांधे सांगते आणि उठते. घरी जाऊन गुपचूप गोळी बंद करते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यावर हार्मोन नसलेली जेल आणि क्रीम मिळतात. बरोबरच्या माणसाला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा. तो नाराज झाला तरी चालेल.

पाच वर्षांनंतर पुढे चालू ठेवायची का, हाही प्रश्न येतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातल्या अभ्यासात पाच वर्षांच्या उपचारानंतर आणखी दोन वर्षं ॲनास्ट्रोझोल घेणाऱ्या आणि आणखी पाच वर्षं घेणाऱ्या बायकांमध्ये आजार परतण्यात फरक दिसला नाही. पाच वर्षंवाल्यांची हाडं मात्र जास्त मोडली. माझी वेळ येईल तेव्हा डेक्साचा नवा रिपोर्ट हातात घेऊन मी हेच विचारणार आहे.