तुम्ही विचारलंत म्हणून: काटा साठ म्हणतोय ते साठच कशावरून?

गाडीच्या मीटरची डायल मी घरी बनवतो हे कळलं की बहुतेक जण आधी खर्च विचारतात, मग रंग. पण गॅरेजवाले, निवृत्त एसटी ड्रायव्हर आणि आठवी-नववीतली चौकस पोरं हमखास वेगळंच विचारतात. “काका, काटा उपटला, खालची डायल बदलली, काटा परत दाबून बसवला. आता तो साठ म्हणतोय ते साठच कशावरून?”

हा खरा प्रश्न. रंगाबिंगाचं नंतर बघू.

डायलवरचा रंग माझा, अक्षराचं वळण माझं, मागची नक्षी माझी. आकडा कुठल्या कोनात बसणार हे मात्र मी ठरवत नाही. काट्यामागच्या यंत्राने ते कारखान्यातच ठरवून ठेवलेलं असतं. माझं काम ती जागा हुडकायची आणि बरोब्बर तिथंच आकडा छापायचा. सांगलीत हे समजवायला फार कष्ट पडत नाहीत. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं यावर इथल्या घराघराचं लक्ष असतं: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ती पट्टी उद्या कुणी झकास रंगवली आणि रंगवताना आकडे हातभर वर सरकले, तर कृष्णेचं काही बिघडत नाही. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसाचं मात्र सामान माडीवर चढवायचं राहून जातं.

माझ्याकडे येतात त्या बहुतेक केबलवर चालणाऱ्या मीटरच्या गाड्या. मारुती ८००, ओम्नी, एखादी जपून ठेवलेली पद्मिनी. या जातीच्या मीटरचं पेटंट ओटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली घेतलं, आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या त्याच युक्तीवर वेग दाखवत राहिल्या. गिअरबॉक्सकडून आलेली केबल मीटरच्या पाठीत एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाला लागून ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा स्पर्श नसतो. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे आपण शाळेत शिकलेलो. मग वाटी हलते कशी? चुंबक फिरत असल्यामुळे वाटीच्या पत्र्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि चुंबक ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने ते वाटीला ओढतात. वाटीच्या दांड्यावर काटा, आणि त्याच दांड्याला एक केसाएवढी स्प्रिंग, जी सगळं परत शून्याकडे खेचत असते. ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते, स्प्रिंगचा विरोध कोनाच्या प्रमाणात. दोघांची बरोबरी होते तिथे काटा थांबतो. म्हणून वेग दुप्पट झाला की कोन दुप्पट होतो, आणि अशा डायलवर वीस-वीसचे टप्पे सारख्या अंतरावर पडतात.

म्हणजे स्पीडोमीटरपुरते दोनच बिंदू सांभाळायचे: शून्य, आणि एक खात्रीचा वेग.

शून्याची गंमत अशी की गाडी उभी असताना काटा जिथे दिसतो तिथे त्याची खरी विश्रांतीची जागा नसतेच. डायलवर एक बारीक पिन असते, काटा तिच्यावर टेकलेला असतो. काटा अलगद उचलून पिनच्या पलीकडे सोडला की तो आणखी थोडा खाली जातो. कंपनी स्प्रिंगला जरा ताण देऊनच काटा पिनवर ठेवते, म्हणजे खड्ड्यात तो थरथरत नाही. ही खालची जागा टिपून ठेवल्याशिवाय काट्याला हात लावायचा नाही. मी बॉडीवर बारीक टोकाच्या पेनने खूण करतो आणि मोबाइलने सरळ समोरून फोटो घेतो. मग काट्याच्या दोन्ही बाजूंनी चहाचे दोन चमचे, खाली कापडाची घडी, आणि काटा सरळ वर. तिरका ओढला की दांडा वाकलाच. नवीन डायल बसली की काटा आधी त्या खालच्या खुणेवर हलका दाबायचा, मग उचलून पिनवर आणायचा.

दुसऱ्या बिंदूसाठी माझ्याकडे ड्रिल मशीन आहे. जपानी घडणीच्या मीटरांचा हिशोब किलोमीटरमागे केबलचे ६३७ फेरे असा असतो. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे केबल मिनिटाला ६३७ फेरे फिरली की काट्याने ६० दाखवायला हवं. जुन्या केबलचा तुकडा ड्रिलच्या चकमध्ये धरायचा, चकवर चमकपट्टीचा तुकडा चिकटवायचा आणि हातात धरायच्या डिजिटल टॅकोमीटरने फेरे मोजायचे. फिरण्याची दिशा आधी तपासायची. उलटी फिरवली तर काटा पिनवर डोकं आपटत बसतो. या चाचणीत किलोमीटरचे आकडेही थोडे पुढे सरकतात, ते गाडीमालकाला आधी सांगून ठेवतो.

शेवटची तपासणी रस्त्यावर. भल्या पहाटे मिरजेहून पंढरपूरच्या बाजूला निघायचं, गाडी मालकाने चालवायची आणि मी शेजारी बसायचं. मोबाइलचा जीपीएस सगळेच लावतात, मीही लावतो. पण मला किलोमीटरचे दगड आणि स्टॉपवॉच जास्त आवडतं. काटा ६० वर धरला तर दगड ते दगड ६० सेकंद, ८० वर धरला तर ४५. बॅटरी नको, उपग्रह नको.

इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही. मीटरने खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवलं तर चालतं, कमी मात्र कधीच नाही. युरोपात चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात हे स्पष्ट आहे: खरा वेग ८० असेल तर मीटर ८० ते ९२ मधलं काहीही दाखवू शकतं, ७९ नाही. त्यामुळे नवी गाडी ८० ला ८४ दाखवत असेल तर तिला ‘दुरुस्त’ करून मागू नका. त्यातून पुढे तुम्ही जरा मोठे टायर घालणार, चाकाचा घेर पाच टक्के वाढणार, आणि काटा ८० म्हणत असताना गाडी ८४ ने पळणार.

पेट्रोलचा काटा हे मात्र निराळं प्रकरण. टाकीत तरंगणारा फ्लोट एका रेझिस्टन्सवर सरकतो, टाकीचा आकार वेडावाकडा असतो, आणि बऱ्याच जुन्या मीटरांत काट्यामागे दोन धातूंची पट्टी असते, जी तिच्याभोवतीच्या तारेच्या उष्णतेने हळूहळू वाकते. चावी लावल्यावर काटा सावकाश वर चढताना बघितला असेल तुम्ही, तो याच्यामुळे. इथे टप्पे सारखे नसतात. ‘अर्धा’ हा बरोबर मध्यावर असेलच असं नाही, आणि कॉम्प्युटरवर दिसायला छान म्हणून तो मध्यावर ओढला की एखाद्या रात्री तुम्ही कवठे महांकाळच्या अलीकडे गाडी ढकलत असता.

आता छपाई. मूळ डायल फ्लॅटबेड स्कॅनरवर, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, ६०० डीपीआयला स्कॅन करायची. मोबाइलचा फोटो चालत नाही, त्यात कडा वाकतात. पुढचं चित्रकाम कोरल ड्रॉमध्ये, कारण सांगलीत लग्नपत्रिकेपासून उसाच्या ट्रॉलीवरच्या नावापर्यंत सगळं कोरलमध्येच होतं आणि फाइल कुठल्याही दुकानात उघडते. काट्याच्या भोकाचा मध्य पक्का करायचा आणि प्रत्येक रेघ त्या मध्याभोवती कोन देऊन फिरवायची. डोळ्याच्या अंदाजाने एकही रेघ सरकवायची नाही. प्रत्येक प्रिंटच्या कोपऱ्यात मी १०० मिलिमीटरची एक रेघ टाकतो. लेझर प्रिंटर कागद ओढण्याच्या दिशेने चित्र जरासं ताणतो किंवा आखडतो. ती रेघ पट्टीने मोजली की चोरी कळते.

रात्रीचा उजेड मागून येतो, म्हणून आकडे पारदर्शक आणि बाकीचं ठार काळं हवं. कंपनीची डायल पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यावर स्क्रीन प्रिंटिंगने शाईचे थर चढवून बनते. घरी ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, लेझर प्रिंट काढलं तर दिवसा ते काळंभोर दिसतं, आणि रात्री आत बल्ब लागला की सगळीकडे टाचणीएवढी भोकं चमकतात. उपाय म्हणजे दोन प्रिंट एकावर एक. खालच्या प्रिंटमधले आकडे केसभर मोठे ठेवायचे, म्हणजे जुळणीत थोडं इकडेतिकडे झालं तरी अक्षराची कड वरच्या प्रिंटचीच दिसते. त्याच्या मागे ग्लोसाइन बोर्डासाठी मिळतो तो बॅकलिट फिल्मचा तुकडा, उजेड सगळीकडे सारखा पसरावा म्हणून. वरून मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी केलंत तर दुपारी डायलमध्ये आकड्यांऐवजी स्वतःचं तोंड दिसेल. कापायचं काम माझा रेडियमवाला मित्र प्लॉटरवर करून देतो. त्याच्या दुकानात ‘आईची कृपा’ आणि माझी डायल एकाच रोलच्या उरल्यासुरल्यातून निघते.

सरावाला भंगारातली मीटरं घ्या. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यानंतर बुडालेल्या गाड्यांची मीटरं इथल्या भंगारात भरपूर आली. त्यात काचेच्या आत गाळाची रेघ असते, मागच्या लवचीक प्लास्टिकवरच्या तांब्याच्या वाटा हिरव्या पडलेल्या असतात, पण वाटी, स्प्रिंग आणि काटे शिकायला पुरेसे असतात. मी ती उघडतच शिकलो. शाईचा थर पापुद्र्यासारखा सुटलेला, त्यामुळे कंपनीने कुठला थर कशावर दिलाय ते आयतंच दिसायचं.

मराठी आकड्यांची डायल करून देता का, असंही विचारतात. देतो. एका पद्मिनीवाल्या काकांना करून दिली होती, दिसते फार देखणी. पण ६ आणि ९ चा गोंधळ जसा इंग्रजीत, तसा आपल्याकडे १ आणि ९ चा होऊ शकतो, आणि नजर डायलवर क्षणभरच असते. म्हणून मी जाड, सरळ वळणाचे आकडे घेतो. बोरूचं वळण पत्रिकेवर शोभतं.

आणि आत निळा एलईडी लावून मागू नका. निळा उजेड रात्री डोळ्यांना त्रास देतो, शिवाय अप्परचा इशारा निळाच असतो, तो त्यात हरवतो. इशाऱ्याच्या दिव्यांच्या रंगांना मी हातच लावत नाही. त्यात बॅटरीचा लाल दिवा साधा बल्बच राहू द्यायचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणारा करंटच अल्टरनेटरला चार्जिंग सुरू करायला मदत करतो. तिथे एलईडी घातला की दिवा बंद, गाडी चालू, आणि बॅटरी मात्र भरतच नाही.

केबलऐवजी स्टेपर मोटरवर, म्हणजे बारीक टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरवर, चालणाऱ्या अलीकडच्या मीटरांची डायलही होते. तिथे चावी लावल्यावर काटा आपला आपण शून्याला जातो, त्यामुळे शून्य शोधणं उलट सोपं. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत ८० ओलांडलं की बीप वाजतो, तो ढोबळ पडताळ्याला उपयोगी पडतो. पूर्ण स्क्रीन असलेल्या गाड्या मी घेत नाही, तिथे छापायला डायलच नाही. किलोमीटर कमी करून मागणाऱ्याला मात्र मी बसायलाही सांगत नाही. पुढचा माणूस त्या आकड्यावर पैसे मोजणार असतो.

तर डायल करून हवी असेल तर गाडी टाकी जवळजवळ रिकामी ठेवून आणा, आणि पेट्रोल कॅनमधून वेगळं आणा. दर पाच लिटरला काटा कुठे थांबतो ते टिपल्याशिवाय मी पेट्रोलच्या मीटरवर एकही रेघ मारत नाही. पंपावरून टाकी फुल्ल करून आलात तर चहा होईल, काम पुढच्या रविवारी.