सोडियमखाली दडलेली रेघ

त्या रात्री एका फिकट दीर्घिकेचा वर्णपट घेत होते. तासा-तासाची तीन एक्स्पोजर, आणि तरंगलांबीचं माप बसवायला मधूनमधून निऑन-आरगॉनचा दिवा. कच्च्या फ्रेममध्ये दीर्घिका म्हणजे एक पुसट आडवी पट्टी. तिला छेदणाऱ्या लखलखीत उभ्या रेघा आपल्याच आकाशाच्या. त्या वजा केल्यावर ५९४१ अँगस्ट्रॉम या तरंगलांबीवर एक काळी रेघ उरली. एकटीच.

एकट्या रेघेवर माझा कधीच विश्वास बसत नाही. कॅल्शियम प्रकाश शोषतो तेव्हा एच आणि के अशा दोन काळ्या रेघा जोडीने उमटतात. ही त्यातली एच असावी असं वाटत होतं, पण मग तिची जोडीदार के कुठे गेली? माझ्यासोबत वेध घ्यायला शिकणाऱ्या मुलीने गणित मांडलं. "मॅडम, के ५८८९ वर यायला हवी. तिथे तर आकाशाचा सोडियम आहे!"

नेमकं तेच झालं होतं. सोडियमची रेघ वजा करताना मागे राहिलेल्या खरखरीमध्ये के बुडाली होती. पट्टीच्या दोन्ही बाजूंचं आकाश पुन्हा मोजलं, वजाबाकी नव्याने केली आणि पहाटे चारच्या सुमारास के दिसली. अंधूक, पण जागच्या जागी.

प्रयोगशाळेत या दोघींमध्ये ३५ अँगस्ट्रॉमचं अंतर असतं. इथे ५२ भरलं. ती मुलगी त्या आकड्याकडे बघतच राहिली. प्रत्येक तरंगलांबी जवळजवळ दीडपट ताणली गेली होती, कारण प्रकाश वाटेत असताना अवकाशच तेवढं प्रसरण पावलं होतं. तो निघाला सुमारे पाच अब्ज वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती.

प्रसरण म्हटलं की खगोलशास्त्रज्ञ हबलचा १९२९ चा शोध आठवतो, दीर्घिका जितकी लांब तितक्या तिच्या रेघा जास्त सरकलेल्या, आणि ते योग्यच आहे. पण १९१२ पासून अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत दीर्घिकांच्या एकेका वर्णपटासाठी रात्रीमागून रात्री जागणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ स्लायफरचं नाव फार कमी घेतलं जातं, याची मला खंत वाटते. त्याच्या रेघा नसत्या, तर हबलने मोजलेली अंतरं कशाशी ताडून पाहिली असती?

"मॅडम, सगळ्यात जास्त ताणलेला प्रकाश कुठला?" तिने विचारलं.

सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी, मी म्हटलं. विश्व जेमतेम ३,८०,००० वर्षांचं असताना सुटलेला प्रकाश, आता सुमारे ११०० पट ताणलेला. त्याच्याही मागे सगळं इतकं तप्त आणि दाट होतं की प्रकाशाला मोकळी वाटच नव्हती.

तिने नोंदवहीत ०.४९७ लिहिलं, म्हणजे तरंगलांबीत झालेली वाढ मूळच्या किती पट ते, आणि खाली दोन्ही रेघांचे आकडे. पूर्वेकडे उजाडायला लागलं होतं. मी घुमट बंद करायला उठले.