दोन गाड्या, दोन तऱ्हेचे फोन आणि जोतिबाचा रविवार

ताई, दाजी आणि भाची श्रावणी शनिवारी रात्री पुण्याहून कोल्हापूरला आले आणि जेवतानाच बेत ठरला. पहाटे अंबाबाई, मग जोतिबा, तिथून पन्हाळा. दोन गाड्या, सात माणसं. आमच्या घरात सगळे अँड्रॉइडवाले, दाजींचाही अँड्रॉइडच. ताई आणि श्रावणीकडे आयफोन.

"मामा, तुला फाइंड मायमध्ये घेते, म्हणजे दिवसभर दिसत राहशील," म्हणून श्रावणी दहा मिनिटं माझं नाव शोधत बसली. मिळणार कुठून? फाइंड माय हे ॲपलचं ॲप, त्यात माणसं दिसतात ती ॲपलवालीच. अँड्रॉइडवाल्याला त्या पंगतीत पाटच नाही. शेवटी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला आणि झोपलो. घरातलं वायफाय आणि निवांत वेळ हाताशी होता, तेव्हाच लोकेशन शेअरिंगचं बाकीचं लावून ठेवायला हवं होतं. ते केलं नाही आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

अंबाबाईला पहाटे जाल तर दर्शन लवकर होतं, पण चुकामूक व्हायची तर तिथंही होते. देवळाला चार दिशांना चार दरवाजे. आम्ही महाद्वारात उभे, आई आणि ताई घाटी दरवाजातून बाहेर. आईनं शहाणपणानं ग्रुपवर लोकेशन पाठवलं, पण ते 'करंट', म्हणजे त्या क्षणापुरतं. ते पाठवून ती चालू लागली. पिन दाखवत होती तिथं मी पोचलो तर एक हारवाली आणि तिची टोपली. वडीलधाऱ्या माणसांना एवढं एक शिकवून ठेवा: 'लाइव्ह' म्हटलेलं असेल तरच मॅपवरचं आपलं टिंब आपल्याबरोबर चालतं. आणि अंबाबाईपुरतं तर लोकेशनच्या नादी लागूच नका, फोन करून दरवाज्याचं नाव सांगा. दगडी भिंतींच्या आत जीपीएस तसंही गडबडतं.

गाड्या बिंदू चौकात लावल्या होत्या. निघताना बघितलं तर सगळ्यांचं लाइव्ह लोकेशन संपलेलं. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास एवढेच पर्याय असतात, आणि आम्ही सगळ्यांनी घाईत १ तास दाबला होता. मग मीच म्हणालो, गूगल मॅप्सवरून करूया, दोन्हीकडे चालतं. ॲपमध्ये वर उजवीकडे आपला फोटो, त्यात लोकेशन शेअरिंग, किती वेळ आणि कुणाला. दोघांचं गूगल खातं असलं की आयफोन, अँड्रॉइड असा भेद उरत नाही. समोरच्याचं खातं नसेल तर लिंक पाठवता येते.

शिवाजी पूल ओलांडून आम्ही पुढे आलो आणि केर्लीला थांबलो, कारण जोतिबाचा रस्ता तिथून फुटतो आणि दाजी सरळ जातील अशी धास्ती होती. चहा सांगितला. मॅप उघडला तर ताईचं टिंब बिंदू चौकात. म्हटलं, अजून गाडी निघाली नाही वाटतं.

तेवढ्यात आई म्हणाली, "आरं, ही आपल्या जावयांची गाडी न्हवं का गेली?"

मी मान वर न करता म्हणालो, "नाही आई, ते अजून बिंदू चौकात आहेत."

"बिंदू चौकात कुठलं! ताईची वढणी दिसली की मला खिडकीतनं."

पुन्हा मॅप बघितला. टिंब तिथंच. मग त्याच्या खाली बारीक अक्षरं दिसली: २६ मिनिटांपूर्वी. दाजींनी तोवर वाघबीळ गाठलं होतं. फोन केला, ते मागं वळले, आम्ही अजून एक चहा घेतला. आईनं त्यावर दिवसभर काही सुनावलं नाही. नुसती बघायची.

झालं होतं एवढंच की ताईनं बिंदू चौकात शेअरिंग सुरू केलं आणि फोन पर्समध्ये टाकला. तिच्या आयफोनवर मॅप्सला लोकेशनची परवानगी होती ती 'ॲप वापरताना' एवढीच. ॲप बंद की टिंब बंद. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात लोकेशन सर्व्हिसेस, त्यात गूगल मॅप्स शोधा, 'ऑल्वेज' करा आणि खालचं 'प्रिसाइज लोकेशन' चालू ठेवा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन वापरणार असाल तर त्यालाही हीच परवानगी लागते. अँड्रॉइडवाल्यांनी हसू नये. माझ्या बायकोचा फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात मागं चालणारी ॲप्स गुपचूप बंद करतो, त्यामुळं तीही पुढं तासभर केर्लीतच चहा पीत होती. त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन बंधन काढावं लागलं.

आणि टिंब बघायच्या आधी त्याच्याखालची वेळ बघा. जुनं टिंब खोटं बोलत नाही, शिळं बोलतं.

जोतिबाला रविवार म्हणजे देवाचा वार. पायऱ्यांवर माणूस माणसाला लागलेला, चांगभलंचा गजर आणि गुलाल. गर्दीत सगळ्यांचं नेटवर्क लोळलं आणि सातही टिंबं गोठली. इथं कुठलंही सेटिंग कामाचं नाही. आपण कुठं आहोत हे फोनला उपग्रहावरून कळतं, त्याला नेट लागत नाही, पण ते दुसऱ्याला कळवायला नेट लागतंच. म्हणून आधीच ठरवलेलं बरं: जिथं चपला ठेवल्या ते दुकान, अकरा वाजता. दुकानाचा फोटो काढून ठेवला होता, तोच उपयोगी पडला. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. श्रावणीच्या स्पीकरच्या भोकांत गेलेला गुलाल अजून निघालेला नाही.

गिरोलीच्या रस्त्यानं पन्हाळ्याला पोचेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं, त्यामुळं सांगण्यासारखं फारसं नाही. २०२५ मध्ये गड जागतिक वारसा यादीत गेला आहे, रविवारी गाडी लावायला जागा शोधावी लागते, तर एक गाडी वर जाऊन जागा बघेल आणि दुसरी टिंब बघत येईल, हे उत्तम जमलं. अंधारबावीत उतरलात की टिंब भलतीकडं उडी मारतं, घाबरू नका. तीन दरवाजाजवळ झुणका-भाकर खाताना मॅपवर दिसलं की श्रावणीच्या फोनला १४ टक्के चार्ज राहिलाय. गूगल मॅप्स हेही दाखवतं. पोरगी तटबंदीवर एकटी फोटो काढत फिरत होती, तिला बोलावून पॉवर बँक दिली. दिवसभर लोकेशन चालू म्हणजे बॅटरी खाणारच, गाडीत चार्जरच्या दोन्ही तऱ्हेच्या वायर ठेवा.

एक राहिलंच. गूगल मॅप्सवर वेळ निवडताना 'बंद करेपर्यंत' असाही पर्याय असतो. बिंदू चौकात पुन्हा कटकट नको म्हणून मी तोच दाबला होता.

मंगळवारी संध्याकाळी मी घरी बँकेत काम आहे म्हणून सांगून निघालो होतो. साडेसहाला श्रावणीचा पुण्याहून फोन. "मामा, खासबागेच्या खाऊगल्लीत बँक कधी उघडली रे?"

मागून ताई हसत होती. आणि तिच्या फोनवर, स्पीकरवर, आमची हिची.