तुम्ही विचारलंत म्हणून: माझा देव लुटुपुटूचा आहे का?

“मनापासून मानता, की मानल्यासारखं करता?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की तो पुरा व्हायच्या आत पुढचं वाक्य कळतं: “नाही, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारलं.” आजवर मी विषय बदलत आले. कधी घाई असल्याचं सांगितलं, कधी चिडले. आता उत्तर देते. ते हो किंवा नाही असं नसेल, पण टाळाटाळही नसेल.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. तुम्ही मांडता त्याहून ती जास्त जोरात मांडता येते, म्हणून आधी तेच करते. नील व्हॅन लूवेन या तत्त्वज्ञाने २०१४ साली एका शोधनिबंधात म्हटलं, की धार्मिक श्रद्धा ही आपल्या साध्या समजुतींच्या जातीचीच नाही. पुढे २०२३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. समोर भिंत आहे ही समजूत जागेपणी कायम काम करत असते, अगदी खेळात आपण ती भिंत नाही असं धरलं तरी. आणि भिंत नाही असा पुरावा मिळाला की समजूत आपोआप गळते. श्रद्धेचं तसं नसतं. ती ठरावीक प्रसंगी पुढे येते, एरवी मागे राहते, आणि पुराव्याने सहसा हलत नाही. लुटुपुटूच्या खेळाची लक्षणं हीच.

उदाहरण बघा. मानववंशशास्त्रज्ञ दान स्पर्बर यांनी इथिओपियातल्या दोर्झे लोकांबद्दल लिहिलंय. ते मानतात की बिबट्या ख्रिस्ती आहे आणि तो उपवास पाळतो. उपवासाचे वार बुधवार आणि शुक्रवार. पण त्या दोन दिवशी दोर्झे माणूस आपल्या जनावरांची राखण जराही सैल सोडत नाही. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. का, ते पुढे येईल.

खेळ म्हणजे अडाणीपणा, असंही कुणी समजू नये. मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांनी लहान मुलांसमोर दोन रिकामे कप ठेवले. रिकाम्याच बाटलीतून दोन्हींत चहा ओतल्यासारखं केलं. मग एक कप उपडा करून झटकला आणि विचारलं, यातला रिकामा कप कुठला? दोन-अडीच वर्षांची मुलं उपड्या केलेल्या कपाकडे बोट दाखवतात. कप दोन्ही कोरडे आहेत, हे त्यांना दिसत असतं. तरी ती दोन हिशेब शेजारी शेजारी ठेवतात, आणि एकाची गल्लत दुसऱ्यात होऊ देत नाहीत. तेव्हा माझी श्रद्धा लुटुपुटूची आहे असं कुणी म्हटलं, तर तो माझ्या बुद्धीचा अपमान नाही. मला लागतं ते वेगळ्याच कारणाने.

माझा धाकटा भाऊ देव मानत नसे. आमचा वाद लहानपणापासूनचा. मी त्याला ठणकावून सांगायचे, की श्रद्धा हे वेगळ्या प्रकारचं ज्ञान आहे, बुद्धीच्या पलीकडचं. तो म्हणायचा, “ताई, ज्ञान असेल तर एकदा त्याच्यावर विसंबून दाखव. गोळी घ्यायची सोड, कुलूप लावायचं सोड. काहीतरी सोड.” मी म्हणायचे, देवाची परीक्षा घ्यायची नसते. तेव्हा ते उत्तर मला बिनतोड वाटायचं. आज वाटत नाही. ज्ञान कुठेच वापरायचं नसेल, तर त्याला ज्ञान कशाला म्हणायचं, हा त्याचा मुद्दा रास्त होता आणि मी तो नियमाआड लपून चुकवत होते.

मग तो अतिदक्षता विभागात पडला. संसर्ग रक्तात पसरला होता. रक्तदाब टिकवायची औषधं जेवढी देता येतील तेवढी चालू होती. पलंगाला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीत तळाशी गडद रंगाचा एक पातळ थर होता, आणि प्रत्येक वेळी आत गेले की तो तेवढाच दिसायचा. मॉनिटरवरचे आकडे मला कळत नव्हते. ती पिशवी कळत होती.

एका पहाटे मी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून प्रार्थना करत होते. मध्येच मला कळलं की तो उठणार आहे. शब्द जपून वापरतेय. आशा म्हणजे काय ते मला माहीत आहे, आशेला काठावर भीती असते. याला नव्हती. आपलं नाव आपल्याला माहीत असतं तसं ते माहीत होतं. मी कुणाला काही बोलले नाही.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांनी वहिनीला आणि मला एका छोट्या खोलीत बोलावलं. त्याचं हृदय बंद पडलं तर छातीवर दाब देऊन ते सुरू करायचा प्रयत्न करायचा का, एवढंच त्यांना ठरवून हवं होतं. त्यात काय करतात, बरगड्या मोडू शकतात, आणि हृदय सुरू झालंच तरी मागे काय उरण्याची शक्यता आहे, हे त्यांनी न घाई करता सांगितलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुम्ही सांगा.”

तो उठणार आहे, हे मला सकाळपासून माहीत होतं. मी म्हटलं, “नको. त्याला आणखी त्रास नको.”

वहिनीने सही केली. तिचा हात थरथरत होता, म्हणून कागद सरकू नये यासाठी तो मी दोन्ही हातांनी धरला होता. मग मी जिन्यावर परत गेले आणि पुन्हा तीच प्रार्थना सुरू केली, त्याच शब्दांत. त्याला उठव. दुसऱ्या रात्री तो गेला.

आता बिबट्याचं कळलं असेल. मीही राखण सोडली नाही. जिथे माझी खात्री टेबलावर ठेवायची वेळ आली, तिथे मी रिपोर्ट ठेवले. तत्त्वज्ञ केंडल वॉल्टन यांनी १९७८ च्या एका निबंधात चार्ल्स नावाचा प्रेक्षक कल्पिलाय. पडद्यावर हिरवा चिखल अंगावर येतो, तो खुर्ची घट्ट धरतो, त्याची छाती धडधडते, पण तो उठून पळत नाही. वॉल्टन म्हणतात, ही खरी भीती नव्हे, कारण जो खरंच घाबरतो तो काहीतरी करतो. मग मी कोण? मीही उठले नाही. “थांबा, सही करू नका” असं म्हणाले नाही. माझा भाऊ असता तर म्हणाला असता, “बघ.”

पण एवढ्यावर मी खेळ म्हणून मोकळी होत नाही, आणि हे केवळ हट्टाने म्हणत नाही.

एक तर शंका. कपांच्या खेळात कुठल्याच मुलाला रात्री जाग येऊन “त्या कपात खरंच चहा होता का” असं वाटत नाही. खेळात शंकेला जागाच नसते, कारण तिथे खरं ठरण्यासारखं काही पणाला लागलेलं नसतं. माझ्या प्रार्थनेत शंका रोज असते. जी गोष्ट खोटी निघण्याची मला भीती वाटते, ती मी कुठेतरी खरी धरलेली असणार.

दुसरं त्यानंतरच्या दिवसांचं. मी प्रार्थना बंद केली. खेळ सोडला की तो मागे राहतो, हात झटकून माणूस दुसऱ्या कामाला लागतो. माझं तसं झालं नाही. मी प्रार्थना करत नव्हते, ते कुणाला तरी कळावं म्हणून. अबोला धरला होता. नसलेल्या माणसाशी अबोला धरता येतो का? तुम्ही म्हणाल, येतो, तोही खेळाचाच भाग. असेल. याला माझ्याकडे तोड नाही. फक्त एवढंच सांगते, की त्या अबोल्यातून बाहेर पडायचं दार मला सापडत नव्हतं, आणि व्हॅन लूवेनसुद्धा श्रद्धेला नुसता पोरखेळ म्हणत नाहीत. माणसाची ओळख आणि त्याला पवित्र वाटणाऱ्या गोष्टी तिच्यात गुंतलेल्या असतात, हे ते मान्य करतात. माझ्या मते त्यांच्या मांडणीचा सगळ्यात अवघड भाग तोच आहे, आणि प्रश्न विचारणारे नेमका तोच वगळतात.

आणखी एक, कारण हे मला प्रश्नापेक्षाही जास्त टोचतं. काही जण समजूतदारपणे म्हणतात, “खरं असो वा नसो, तुम्हाला आधार मिळतो ना, मग झालं.” नाही झालं. त्या पहाटेच्या खात्रीने मला आधार दिला नाही. तिने माझ्या दुःखात एक जास्तीची जखम केली. खात्री आली नसती तर मला फक्त भाऊ गमावल्याचं दुःख असतं. बरं वाटावं म्हणून मी हे करत असते, तर यापेक्षा बरं काहीतरी निवडलं असतं. तुम्ही मला वेडी म्हणा, चुकलेली म्हणा, मी वाद घालेन. पण आधाराची गोष्ट काढून मला वादातूनच बाहेर काढू नका.

प्रार्थना मी पुन्हा सुरू केली आहे. काही पटलं म्हणून नाही, अबोला आवरता येईना म्हणून. त्या खोलीत मी माझ्या खात्रीबद्दल गप्प का राहिले, याची दोन कारणं मला दिसतात. एक, मला आतून माहीत होतं की जिन्यावरची खात्री या खोलीत चालणारी नाही, म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर. दुसरं, खात्री माझी होती आणि छाती त्याची. माझ्या ज्या देवावर त्याचा विश्वास नव्हता, त्याच्या भरवशावर त्याच्या बरगड्या मोडू द्यायचा मला अधिकार नव्हता. तसं असेल तर मी रिपोर्टवर विश्वास ठेवला म्हणून गप्प राहिले असं नाही, त्याचा मान राखला म्हणून गप्प राहिले. दुसरं कारण मला तेव्हाच सुचलं होतं, की नंतर मी ते रचलं, हे मी बरेचदा आठवून पाहते. डॉक्टरांचा चेहरा आठवतो, वहिनीचा हात आठवतो. माझ्या मनात काय होतं ते आठवत नाही.