आमची वाटचाल : निकेलच्या गाळाकडून लिथियमकडे

2009 साली कुरकुंभ एमआयडीसीत आम्ही काम सुरू केलं ते प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, गाळातून निकेल काढण्याचं. भोसरी-चाकणच्या प्लेटिंग शॉपमधून हिरवट गाळाचे ड्रम यायचे. तो सल्फ्युरिकमध्ये विरघळवायचा, लोखंड आणि क्रोमियम साक्यात बसवायचं, राहिलेल्या द्रावातून निकेल सल्फेटचे स्फटिक काढायचे आणि त्याच शॉपना परत विकायचे. ॲसिड, फिल्टर प्रेस, ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) यांत आमच्या माणसांचे हात तिथे तयार झाले. पुढे बॅटरीकडे वळलो तेव्हा पैशापेक्षा हेच भांडवल मोठं ठरलं.

बॅटऱ्या आमच्याकडे आणल्या एका भंगार व्यापाऱ्याने. मोबाईलच्या जुन्या बॅटऱ्यांचं पोतं टाकून म्हणाला, “साहेब, यात निकेल असतं म्हणतात, बघा जरा.” तपासलं तर निकेल नावापुरतं आणि कोबाल्ट भरपूर. मोबाईलच्या सेलमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा लेप, म्हणजे कॅथोड (धन टोक), असतो आणि त्या लेपात वजनाने जवळपास 60 टक्के कोबाल्ट, तर लिथियम फक्त 7 टक्के. त्यामुळे पहिली काही वर्षं आम्हीही सगळ्यांसारखे कोबाल्टच्याच मागे होतो.

इथे सुरक्षिततेबद्दल सविस्तर लिहितो, कारण या धंद्यात नवीन येणाऱ्यांनी ते आधी वाचावं. सेलमधल्या इलेक्ट्रोलाइटला (दोन टोकांमधल्या द्रावाला) ओलावा लागला की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. ते कातडीत शिरून हाडापर्यंत जातं. शिवाय ‘मेलेल्या’ पॅकमध्येही (अनेक सेल जोडलेल्या बॅटरीत) आग लावण्याइतका चार्ज उरलेला असतो. मिठाच्या पाण्यात बुडवून डिस्चार्ज करणं स्वस्त पडतं, पण टोकं गंजतात, सेल फुटतो आणि ते पाणीच विषारी होतं. मोठे पॅक आम्ही रेझिस्टरवर उतरवतो आणि व्होल्टेज मोजल्याशिवाय पुढे सोडत नाही. पॅक खोलण्याचं काम दौंड परिसरातल्या महिला करतात. त्यांचे हात हलके असतात आणि नजर पक्की. अंगावर धातू चालत नाही, म्हणून बांगड्या उतरवायच्या हे लगेच ठरलं. मंगळसूत्राचा प्रश्न मात्र नाजूक होता. आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या ताईंनीच तो सोडवला. कामाच्या वेळी दोऱ्यात ओवलेली नुसत्या काळ्या मण्यांची पोत घालायची, वाटी-डोरलं लॉकरमध्ये. आता नवी मुलगी आली की हा नियम त्याच सांगतात, आम्हाला बोलावं लागत नाही.

2022 च्या ऑगस्टमध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले. 2001 चे नियम शिशाच्या बॅटरीपुरते होते. आता लिथियमच्या बॅटऱ्याही आल्या आणि त्या गोळा करून पुनर्चक्रीकरणाला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाही वजनाच्या प्रमाणात माल परत मिळवून दाखवावा लागतो, 2026-27 पासून 90 टक्के. आम्ही राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केली आणि क्रशर, चाळण्या बसवल्या. सेल दळून, तांबं आणि ॲल्युमिनियम वेगळं काढलं की उरते ती काळी पूड, ब्लॅक मास.

बरेच जण इथेच थांबतात आणि पूड विकून टाकतात, बरीचशी देशाबाहेरच जाते. आम्हाला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. आपल्याकडे लिथियमची चालती खाण नाही. जम्मूतल्या रियासीच्या साठ्याची घोषणा 2023 साली झाली, पण अंदाजित साठा म्हणजे काढलेला माल नव्हे. एक टन चांगल्या पुडीत 30-35 किलो लिथियम असतं. एवढं घरात आलेलं असताना ते दुसऱ्याच्या हवाली का करायचं?

अडचण अशी की नेहमीच्या पद्धतीत लिथियमची पाळी सगळ्यात शेवटी येते. पूड सल्फ्युरिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात, मग मँगनीज, कोबाल्ट, निकेल ओळीने वेगळं होतं आणि लिथियम सोडियम सल्फेटने भरलेल्या पाण्यात पातळ होऊन बसतं. ते आटवून, 90 अंशांच्या आसपास तापवून सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) टाकली की लिथियम कार्बोनेट खाली बसतं. साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, हे उलटं. थंड पाण्याच्या लिटरमध्ये 13 ग्रॅम विरघळतं, उकळत्यात 7. त्यामुळे गाळणं गरम, धुणंही गरम पाण्यानेच. एवढं करूनही कार्बोनेटमध्ये सोडियम राहायचं आणि आटवण्याचं इंधन नफा खाऊन टाकायचं.

2022 च्या नोव्हेंबरात चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या घरात होता, म्हणून हा खर्च सोसला. वर्षभरात तो लाखाच्या आसपास उतरला. एका बँकेने वाढीव कर्जाची फाईल परत केली. तेव्हा आम्ही क्रमच उलटा केला : लिथियम आधी.

काळ्या पुडीत ॲनोडचा (ऋण टोकाचा) ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, असतोच. हवा न देता पूड 700 अंशांच्या खाली भाजली की तो कार्बन कॅथोडमधला ऑक्सिजन ओढतो आणि लिथियम कार्बोनेटच्या रूपात सुटं होतं. ते पाण्यात घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडला की बायकार्बोनेट होऊन सहज विरघळतं. निकेल-कोबाल्ट खाली राहतं. गाळलेलं पाणी तापवलं की वायू निघून जातो आणि पांढरी पूड पडते, सोडियमचा संबंधच येत नाही. भट्टीतून फ्लोरिनचे वायू निघतात, त्यासाठी वायू धुऊन काढणारा चुन्याचा स्क्रबर लागतो आणि तो भट्टीपेक्षा जास्त लक्ष मागतो. भट्टी बंद ठेवू, पण स्क्रबरशिवाय चालवणार नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे.

आमचा माल ग्रीस आणि चिनी मातीचं ग्लेझ (चकाकीचा लेप) बनवणाऱ्यांकडे जातो. बॅटरी ग्रेडला 99.5 टक्के शुद्धता लागते. तिथपर्यंत आमच्या काही बॅच पोचल्या आहेत, पण देशात कॅथोड बनवणारे अजून मोजकेच.

सध्या सगळं लक्ष एलएफपी बॅटरीवर आहे. ई-रिक्षा आणि बसच्या पॅकमध्ये आता हेच जास्त येतं : लिथियम, लोखंड, फॉस्फेट, कोबाल्ट नाही, निकेल नाही. म्हणजे लिथियम काढता आलं तरच या बॅटरीला कोणी हात लावेल, नाहीतर ती कुठल्यातरी गोडाऊनच्या मागे पडून राहील. भाजून यातलं लिथियम सुटत नाही. थोडं ॲसिड आणि पेरॉक्साइड दिलं तर लिथियम द्रावात उतरतं आणि आयर्न फॉस्फेट घट्ट राहतं. लहान व्हेसलमध्ये हे जमलं आहे. अडलं आहे ते उरलेल्या आयर्न फॉस्फेटवर : पुन्हा कॅथोडसाठी घ्यायचं तर त्यात तांबं आणि ॲल्युमिनियम जवळजवळ नसावं लागतं, म्हणून दळण्याऐवजी पत्र्यावरून लेप सोलून काढता येतो का, ते आम्ही तपासतो आहोत.